कागदाचा फोटो नको, भरता येणारा अर्ज द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की दाखले, प्रवेश, शिष्यवृत्त्या, निरनिराळ्या योजना यांचे अर्ज एकदमच निघतात. ‘अर्जाचा नमुना संकेतस्थळावर उपलब्ध आहे’ अशी सूचना असते आणि तो उतरवून उघडला की समोर येतो कागदाचा फोटो. कडेला झेरॉक्सची काळी पट्टी, ओळी कललेल्या, कोपऱ्यात जुन्या शिक्क्याची छाया. नागरिकाने तो छापायचा, पेनाने भरायचा, मोबाइलवर फोटो काढून परत पाठवायचा आणि पलीकडच्या टेबलावर कोणीतरी तेच नाव, तोच पत्ता वाचून पुन्हा टंकायचा. यात नावाची वेलांटी चुकते, गट क्रमांकातल्या १ चा ९ होतो आणि दुरुस्तीसाठी त्याच माणसाला पुन्हा फेरी मारावी लागते.

हे टाळायला नवे पोर्टल लागत नाही, नवी निविदाही लागत नाही. संगणकावरच भरता येणारे रकाने पीडीएफमध्ये १९९६ पासून, म्हणजे १.२ या आवृत्तीपासून आहेत. २००८ साली पीडीएफ हे आयएसओ ३२००० क्रमांकाचे खुले मानक झाले. हे रकाने बनवणारी फुकट, मुक्त साधने उपलब्ध आहेत आणि एका पानाच्या अर्जाला पन्नास-साठ ओळींचा कोड पुरतो. मराठी अर्जाच्या बाबतीत मात्र काही ठिकाणी नेमकी चूक होते, ‘मराठीत जमत नाही’ असा शेरा पडतो आणि पुन्हा फोटोच चढवला जातो. कार्यालयांतले तंत्रज्ञ आणि त्यांच्यासाठी काम करणारे तरुण प्रोग्रामर हे सदर वाचतात, म्हणून तपशिलात लिहितो. जागा जास्त लागेल, पण कृपया काटछाट करू नये.

आधी रकाना म्हणजे काय ते पाहू. पीडीएफमधला रकाना दोन ठिकाणी नोंदवलेला असतो. एक नोंद पानावर: तो कुठे आहे, किती रुंद, किती उंच. दुसरी नोंद अख्ख्या फाइलच्या फॉर्म-यादीत, जिला ॲक्रोफॉर्म म्हणतात. या दोहोंपैकी दुसरी नोंद राहून गेली तर चौकट दिसते, पण ती कामाची नसते. पायथॉन या संगणकभाषेतल्या रिपोर्टलॅब या साधनाने रकाने असलेले कोरे पान बनवायचे आणि ते पीवायपीडीएफ या दुसऱ्या साधनाने मूळ अर्जावर चिकटवायचे, ही पद्धत अनेकजण वापरतात आणि नेमके हेच घडते: पानावरची नोंद येते, फॉर्म-यादी मागे राहते. त्यामुळे असलेल्या पीडीएफवरच थेट रकाने टाकणारे साधन घ्यावे. जावास्क्रिप्टमध्ये पीडीएफ-लिब, जावामध्ये अपाची पीडीएफबॉक्स, दोन्ही चांगली आहेत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. रकान्याच्या पोटात मजकूर आणि त्या मजकुराचे चित्र या दोन गोष्टी वेगवेगळ्या साठवलेल्या असतात. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरावीक संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीत असतो. ‘नाव’ हा शब्द ०९२८, ०९३ई, ०९३५ अशा तीन संकेतांनी लिहिला जातो आणि सुरुवातीला एफई एफएफ ही खूण असते. चित्र मात्र टंकातल्या (फाँटमधल्या) आकारांच्या क्रमांकांनी बनते. इंग्रजीत एका अक्षराला एकच आकार, म्हणून हा फरक कोणाला जाणवतच नाही. मराठीत ‘कि’ लिहिताना मजकुरात क आधी आणि वेलांटी नंतर, तर चित्रात वेलांटी आधी. जोडाक्षरांना वेगळा आकार, रफाराला वेगळी जागा. ही मांडणी करणारा भाग कोडमध्ये असला तर चित्र बरोबर येते, नसला तर ‘क्षेत्र’च्या जागी पाय मोडलेली अक्षरे सुटी सुटी उभी राहतात. पण तेव्हाही आतला मजकूर शाबूत असतो! ‘मराठीत जमत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. चित्र बिघडले म्हणून माहिती बिघडत नाही. चित्र पुन्हा काढता येते.

उदाहरणासाठी माहिती अधिकाराचा अर्ज घेतो. महाराष्ट्रात तो ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात करतात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो. जन माहिती अधिकाऱ्याचा पत्ता, अर्जदाराचे नाव व पत्ता, माहितीचा विषय, कालावधी, वर्णन, माहिती टपालाने की व्यक्तिशः, टपाल असेल तर साधे, नोंदणीकृत की शीघ्र, आणि अर्जदार दारिद्र्यरेषेखालील आहे काय. सगळ्या प्रकारचे रकाने यात आले.

मूळ पान लिबरऑफिस रायटरमध्ये युनिकोड टंकात टाइप करून पीडीएफ करावे. त्यात मराठीची मांडणी बरोबर होते. श्रीलिपी किंवा डीव्हीबी सुरेखसारख्या जुन्या टंकांत टाइप केलेली फाइल घेऊ नये. छापील कागदावर ती मराठी दिसते, पण आत रोमन चिन्हांचा कचरा असतो, शोध लागत नाही आणि अंधांसाठीचे वाचक सॉफ्टवेअर तो कचराच वाचते. एक-दोनच अर्ज करायचे असतील तर लिबरऑफिसमध्येच रकाने टाकून ‘पीडीएफ फॉर्म’ म्हणून निर्यात करता येते, कोडची गरज नाही. कोड हवा तो तालुक्यागणिक, विभागागणिक बदलणारे पन्नास अर्ज एकाच साच्यातून काढायचे असतील तेव्हा.

आता मोजमाप. पीडीएफची पट्टी पॉइंटची: इंचाला ७२, म्हणजे १ मिलिमीटरला २.८३५. ए-फोर पान ५९५.२८ बाय ८४१.८९ पॉइंट. शून्य बिंदू पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो, आणि आपण कागदावर पट्टी ठेवतो ती वरून. अर्जदाराच्या नावाचा रकाना डावीकडून ४५ मिमी, वरून ६० मिमी, रुंदी १२० मिमी आणि उंची ८ मिमी हवा असेल, तर एक्स १२७.५६, रुंदी ३४०.१६, उंची २२.६८ आणि वाय म्हणजे ८४१.८९ वजा ६८ मिमीचे १९२.७६, अर्थात ६४९.१३. साठ नव्हे अडुसष्ट, कारण खालची कड मोजायची असते. इथे आठ मिलिमीटरची चूक हमखास होते आणि रकाना बरोबर एक ओळ वर चढतो. पायम्यूपीडीएफ हे पायथॉनचे साधन वापरणाऱ्यांसाठी उलट सूचना: त्यात शून्य बिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात आहे. आणि स्कॅन केलेल्या पानावरच रकाने टाकायची वेळ आली, तर आधी त्या पानाची ‘रोटेट’ नोंद पाहावी. स्कॅनर पुष्कळदा आडवे पान ‘९० अंशांत फिरवून दाखवा’ एवढी खूण करून ठेवतो. डोळ्यांना पान उभे दिसते, रकाने मात्र आडवे पडतात.

पीडीएफ-लिबमध्ये ‘गेटफॉर्म’ने फॉर्म घ्यायचा, ‘क्रिएटटेक्स्टफील्ड’ने रकाना निर्माण करायचा आणि ‘ॲडटूपेज’ने वरची मापे देऊन पानावर ठेवायचा. रकान्याचे आतले नाव रोमन लिपीत ठेवावे, म्हणजे पुढे कोणत्याही साधनाने ते वाचता येते. नावात टिंब दिले की ते विभाजक ठरते: ‘अर्जदार टिंब नाव’, ‘अर्जदार टिंब पत्ता’ ही एका घराण्यातली दोन मुले होतात. हे सोयीचे आहे, पण मुद्दाम करावे, चुकून नव्हे. दोन जागी एकाच नावाचा रकाना असेल तर एकात टाइप केलेले दुसऱ्यात आपोआप येते. पोचपावतीवर अर्जदाराचे नाव पुन्हा हवे असेल तर हीच युक्ती. मराठी नाव द्यायचे ते सूचना-मजकुरात, ज्याला मानकात ‘टीयू’ म्हणतात. अंध व्यक्तीचे वाचक सॉफ्टवेअर तेच उच्चारते. तो मोकळा राहिला तर रकान्याचे आतले रोमन नाव ऐकू येते आणि कुठे काय लिहायचे ते कळायला मार्गच उरत नाही. फाइलची भाषाही ‘एमआर-आयएन’ अशी नोंदवावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे. अर्जांच्या पातळीवर तो उतरवायला या दोन ओळी लागतात.

रकान्याचा स्वभाव एका आकड्याने ठरतो. अनिवार्य म्हणजे २, अनेक ओळींचा म्हणजे ४०९६, दोन्ही हवे तर बेरीज ४०९८. माहितीच्या वर्णनाच्या रकान्यासाठी आणखी एक आकडा मिळवावाच लागतो: ८३८८६०८, म्हणजे ‘सरकू देऊ नका’. तो नसेल तर माणूस चौकट भरल्यानंतरही टाइप करत राहतो, मजकूर आत वर सरकत जातो, पडद्यावर सारे ठीक वाटते आणि छापल्यावर खालच्या ओळी गायब! अर्जदाराला पत्ताही लागत नाही की त्याचा शेवटचा मुद्दा कार्यालयात पोचलाच नाही. तेव्हा ४०९६ अधिक ८३८८६०८, म्हणजे ८३९२७०४ हा आकडा द्यावा आणि चौकट पुरेशी मोठी ठेवावी. ११ पॉइंटच्या मराठी टंकात १५० शब्दांना १६० मिमी रुंद आणि ९ ते १० सेंटिमीटर उंच जागा लागते. अक्षराचा आकार ‘आपोआप’ ठेवू नये. तो मजकूर मावेपर्यंत अक्षर बारीक करत नेतो आणि मात्रा-उकार एकमेकांत घुसतात.

पिनकोडसाठी सहा घरांची पट्टी छान दिसते. त्याला कमाल लांबी ६ द्यावी आणि ‘कोंब’ (इंग्रजीत कंगवा, म्हणजे समान घरांत विभागणी) हा १६७७७२१६ चा आकडा. पण घरांची पट्टी फक्त अंकांसाठी. नावासाठी ती कधीही देऊ नये, कारण पीडीएफ अक्षर मोजत नाही, संकेत मोजते. ‘क्षेत्र’ आपल्याला दोन अक्षरांचा शब्द. पीडीएफच्या लेखी क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र असे सात. घरे सात लागतात आणि प्रत्येकात मोडका तुकडा बसतो. कमाल लांबीच्या बाबतीतही हीच गफलत होते. रिपोर्टलॅबमध्ये कमाल लांबी सांगितली नाही तर ती आपोआप १०० धरली जाते. इंग्रजी पत्ता त्यात मावतो, ‘मु. पो.’पासून जिल्ह्यापर्यंतचा मराठी पत्ता तालुक्यापाशीच तुटतो.

टपालाने की व्यक्तिशः यासाठी रेडिओ बटणे, म्हणजे अनेकांतून एकच निवडू देणारी: ३२७६८ आणि ‘निवड पूर्ण काढता येणार नाही’ याचे १६३८४, मिळून ४९१५२. प्रत्येक बटणाच्या ‘चालू’ स्थितीला एक नाव असते आणि रकान्याची किंमत त्या नावाशी अक्षरशः जुळावी लागते. कोडने अर्ज भरताना ‘ट्रू’ किंवा ‘१’ लिहून टाकले आणि खरे नाव ‘यस’ असेल तर टिकमार्क उमटत नाही, आणि कोठे चूकही दाखवली जात नाही. आधी उपलब्ध स्थिती छापून पाहाव्यात, मग किंमत द्यावी. आणखी एक छोटी खूण: रकान्याला ‘छापा’ हा ४ चा ध्वज (चालू-बंद खूण) नसेल तर पडद्यावर भरलेला अर्ज कागदावर कोरा येतो. पुष्कळ साधने तो स्वतः लावतात. हाताने रकाने बनवणाऱ्यांनी विसरू नये.

आता टंकाकडे. ठेवणीतला टंक हेल्व्हेटिका असतो आणि त्यात देवनागरी नाही. पीडीएफ-लिबमध्ये मराठी मजकूर टाकून फाइल जतन करायला गेले की ‘विनॲन्सी कॅनॉट एन्कोड’ अशी चूक येते, ती यामुळे. उपाय दोन टप्प्यांचा आहे. फाँटकिट हे टंक वाचणारे जोडसाधन लावून नोटो सान्स देवनागरीसारखा मुक्त टंक फाइलमध्ये अंतर्भूत करायचा आणि त्या टंकानेच रकान्यांची चित्रे काढायची; मग जतन करताना ‘चित्रे पुन्हा काढा’ हा पर्याय बंद ठेवायचा. तो चालू राहिला तर जतन करण्याच्या क्षणी काही रकान्यांवर पुन्हा हेल्व्हेटिकाच लादला जाऊ शकतो आणि तीच चूक परत येते. टंक पूर्ण अंतर्भूत करावा, काटछाट केलेला नको. काटछाट केलेल्यात अर्जावर आधीच असलेलीच अक्षरे राहतात. नागरिकाने ‘झ’ किंवा ‘ञ’ टाइप केला तर रिकामी चौकट. फाइल काहीशे केबीने वाढते, वाढू द्यावी. ॲडव्होकेटमधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, म्हणून त्याआधीच्या टंकांत तो नसतो. पीडीएफ-लिब जोडाक्षरांचे आकार बरोबर निवडते, पण अनुस्वार-मात्रांची बारीक सरकवासरकव पाळत नाही. कार्यालयातून निघणाऱ्या पक्क्या दाखल्यांसाठी म्हणूनच हार्फबझ हे अक्षरांची मांडणी करणारे मुक्त साधन वापरणारी मांडणी घ्यावी.

‘नीड अपिअरन्सेस’ हा ध्वज लावून चित्र काढण्याचे काम वाचक सॉफ्टवेअरवर सोडता येते, अशी सूचना इंटरनेटवर जागोजागी दिसते. माझे मत विरुद्ध आहे. जे सॉफ्टवेअर तो ध्वज पाळत नाही त्यात रकाने कोरे दिसतात, आणि पीडीएफच्या २.० आवृत्तीत तो वापरू नये असेच म्हटले आहे. एक्सएफए या दुसऱ्या, ॲक्रोफॉर्महून वेगळ्या प्रकारचे अर्जही याच आवृत्तीत, २०१७ साली, बाद ठरले. ते मोबाइलवर सहसा उघडत नाहीत, ‘कृपया थांबा’ एवढाच संदेश दिसतो. नवे अर्ज त्या प्रकारात करू नयेत.

नागरिक स्वतः टाइप करतो तेव्हा चित्र त्याच्या फोनवरचे किंवा संगणकावरचे सॉफ्टवेअर काढते, आणि त्यावर आपला ताबा नसतो. फायरफॉक्स रकाना वेबपानासारखा दाखवतो, त्यामुळे टाइप करताना मराठी नीट दिसते. तीच फाइल दुसरीकडे उघडली तर पाय मोडलेले दिसू शकतात. म्हणून कार्यालयाने आलेल्या फाइलचे चित्र प्रमाण मानू नये. मजकूर काढून घ्यावा आणि आपल्या कोडने पुन्हा छापावा. पीवायपीडीएफच्या ‘गेट फील्ड्स’ने सगळे रकाने एका फटक्यात मिळतात. पीडीएफटीके या आज्ञा टाइप करून चालवायच्या साधनाला रकाने काढण्याची साधी आज्ञा दिली तर ‘न’ च्या जागी २३४४ असा संकेतांक येतो आणि लोकांना फाइल खराब वाटते. त्याच आज्ञेचा यूटीएफ-८ प्रकार वापरला की सरळ मराठी मिळते.

मिळालेला मजकूर जुळवताना ‘ऱ्या’ कडे लक्ष द्यावे. ‘शेतकऱ्याचे’ मधला तो आकार ‘ऱ’ने लिहिता येतो आणि साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊनही लिहिता येतो. दिसायला एकच, संकेत वेगळे. कोडने दोन्हींना एका रूपात आणले नाही तर एकाच शेतकऱ्याची दोन नावे तयार होतात. अंकांचेही तसेच. पीडीएफमधली ठेवणीतली अंक-तपासणी फक्त रोमन अंक ओळखते. ‘४१६००१’ टाइप करणाऱ्याला ती नाकारते आणि का नाकारले ते मराठीत सांगत नाही. देवनागरी अंक स्वीकारून ते आतल्या आत बदलून घेणाऱ्या चार ओळी लिहाव्यात. त्याही भरवशाच्या नाहीत, कारण मोबाइलवरची अनेक सॉफ्टवेअर अशा सूचना चालवतच नाहीत. खरी तपासणी कार्यालयाच्या टोकाला करावी.

नमुन्यावर अधिकाऱ्याची डिजिटल सही आधीच असेल तर ती प्रमाणित करताना परवानगीची पातळी २ ठेवावी, म्हणजे फक्त रकाने भरता आणि सही करता येते. पातळी १ ठेवली तर नागरिकाने पहिले अक्षर टाइप करताच सही अवैध ठरते. रकाने टाकण्याचे काम सहीच्या आधी संपवावे.

संबंधित विभागांना विनंती एवढीच की यंदाचे नमुने चढवण्याआधी प्रत्येक रकान्यात ‘कुऱ्हाड, ॲडव्होकेट, क्षेत्र, स्त्रिया, दृष्टी, १/२ हिस्सा’ हे शब्द टाइप करून पाहावेत. मग ती फाइल जतन करून बंद करावी, ॲडोबी रीडर, क्रोम आणि एका साध्या अँड्रॉइड फोनवर पुन्हा उघडावी, तिन्हींकडून छापावी आणि शेवटी कोडने मजकूर काढून मूळ शब्दांशी ताडून पाहावा. अर्ध्या दिवसाचे काम आहे. जिथे चित्र बिघडेल तिथे टंकाची नोंद तपासावी, जिथे मजकूर बिघडेल तिथे तो नमुना चढवू नये.

आपला,
अर्जांचे नमुने बनवणारा एक प्रोग्रामर, कोल्हापूर